इनिटरॅमएफएस बनवताना इन्स्टॉलर अडकला तर काय करायचं

लिनक्स इन्स्टॉल करताना सगळं नीट चाललेलं असतं, पार्टिशन झाली, फाइली कॉपी झाल्या, पॅकेजं बसली, आणि अगदी शेवटी बूट इमेज म्हणजे इनिटरॅमएफएस बनवताना एरर येऊन इन्स्टॉलर थांबतो. बहुतेक जण इथे वैतागून पहिल्यापासून इन्स्टॉल करतात आणि परत त्याच ठिकाणी तीच एरर येते. प्लीज तसं करू नका, जवळजवळ अख्खी सिस्टिम डिस्कवर बसलेली असते, राहिलेली असते ती एक फाइल आणि ती लाइव्ह यूएसबीवरून (ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) बनवता येते.

ही फाइल लागते कशाला, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) रॅममध्ये आल्यावर त्याला खरी रूट पार्टिशन (जिच्यावर मुख्य सिस्टिम असते) माउंट करायची म्हणजे जोडायची असते पण त्यासाठी लागणारे ड्रायव्हर त्याच पार्टिशनवर पडलेले असतात. म्हणून डिस्कचे मॉड्यूल म्हणजे ड्रायव्हर, फाइलसिस्टिमचे मॉड्यूल, एन्क्रिप्शन किंवा एलव्हीएम (पार्टिशन लवचिकपणे सांभाळायची सोय) असेल तर त्यांची टूल्स असं सगळं एका छोट्या सीपीआयओ अर्काइव्हमध्ये बांधून कर्नलच्या हातात देतात. डेबियन, उबुंटूवर हे सहसा अपडेट-इनिटरॅमएफएस बनवतं, फेडोरावर ड्रॅकट, आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ. (कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंगनेच टाका.)

आधी लॉग. स्क्रीनवर दिसते ती शेवटची ओळ, "पॅकेज कॉन्फिगर झालं नाही" टाइपची, तिचा काही उपयोग नाही, वर वर जात पहिली एरर शोधा. डेबियनच्या टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ४ दाबलं की लॉग दिसतो आणि ऑल्ट एफ२ ला शेल मिळतो, फेडोराच्या अ‍ॅनाकोंडाचे लॉग टेम्प फोल्डरमध्ये असतात. आणि "फर्मवेअर कदाचित नाहीये" अशा वॉर्निंगच्या ओळी दिसल्या तर त्यांच्या मागे लागू नका, त्या बहुतेक वेळा तुमच्या मशीनमध्ये नसलेल्या हार्डवेअरच्या असतात आणि त्यांच्यामुळे इमेज बनायची थांबत नाही. लॉगमध्ये स्क्वॉशएफएस (यूएसबीवरची दाबून ठेवलेली सिस्टिम) किंवा इनपुट-आउटपुट एरर दिसत असेल तर मात्र पुढचं काही करू नका, आयएसओचा चेकसम (फाइल बिघडली नाही ना ते तपासायचा आकडा) जुळवा आणि यूएसबी नव्याने लिहा.

आता मुख्य काम, चरूट, म्हणजे लाइव्ह यूएसबी चालू असताना डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून तिथल्या कमांड चालवणं. लाइव्ह यूएसबीने बूट करा, एलएसबीएलके मारून कुठली पार्टिशन कुठली ते बघा, रूट पार्टिशन /एमएनटी वर माउंट करा, बीटीआरएफएस असेल तर बरोबर सबव्हॉल्यूम देऊन. मग वेगळी /बूट असेल तर ती /एमएनटी/बूट वर आणि ईएफआय पार्टिशन तिच्या जागी, हे विसरलात तर इमेज बनेल पण चुकीच्या फोल्डरमध्ये पडेल आणि बूटलोडरला (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ती कधीच दिसणार नाही. त्यानंतर /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन हे चारही आरबाइंडने (माउंट कमांडचा एक पर्याय) आत जोडा आणि मगच चरूट करा. हे चार नसतील तर टूलला रूट कुठल्या डिव्हाइसवर आहे तेच कळत नाही आणि ते काहीतरी भलतीच एरर देतं, मी बघितलेल्या निम्म्या केसेस इथेच सुटल्यात. आर्चवर आर्च-चरूट हे चार स्वतःच जोडून देतं, पण पार्टिशन माउंट करायचं काम तरी तुमचंच.

आत गेल्यावर सगळ्यात मोठा घोळ असतो कर्नल व्हर्जनचा. चरूटमध्ये यूनेम -आर मारलंत तर ते लाइव्ह यूएसबीच्या कर्नलचं व्हर्जन सांगतं, डिस्कवर बसवलेल्या कर्नलचं नाही, कारण चालू कर्नल यूएसबीचाच आहे. ड्रॅकटला काहीच न सांगता चालवलं तर तेही चालू कर्नल धरतं, आणि मग त्या व्हर्जनचा मॉड्यूल फोल्डर सापडत नाही म्हणून रडतं. म्हणून आधी /लिब/मॉड्यूल्स मध्ये एलएस मारा, तिथल्या फोल्डरचं नाव हेच तुमचं खरं व्हर्जन. मग डेबियनवर अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के आणि पुढे ते व्हर्जन, इथे -यू नको कारण -यू आधीची इमेज अपडेट करतं आणि आपल्याकडे ती बनलेलीच नाहीये. फेडोरावर ड्रॅकटला --फोर्स आणि --रीजनरेट-ऑल द्या. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ ला कॅपिटल पी, आणि "कर्नल इमेज सापडली नाही" असं म्हणालं तर /बूट माउंट करायच्या आधीच कर्नल बसवला गेलाय, आता माउंट असताना लिनक्स पॅकेज परत बसवा. मॉड्यूलचा फोल्डरच रिकामा असेल तर सगळीकडे हाच उपाय, कर्नल पॅकेज परत.

"डिव्हाइसवर जागा नाही" आली तर डीएफ -एच ने /बूट बघा. विंडोजने बनवलेली ईएफआय पार्टिशन बऱ्याचदा १०० एमबीची असते, तिलाच /बूट केलं तर कर्नल आणि इमेज त्यात मावतच नाहीत. अशा वेळी ईएफआय /बूट/ईएफआय वर ठेवा आणि कर्नल मुख्य पार्टिशनवरच राहू द्या (पण बूटलोडर ग्रब असेल तरच, सिस्टिमडी-बूटला साध्या सेटअपमध्ये कर्नल ईएफआयवरच लागतो). आणि डेबियनचं टूल आधी डॉट न्यू नावाने नवीन फाइल लिहितं आणि नंतर जुनीच्या जागी ठेवतं, म्हणजे जुनी इमेज असेल तर थोडा वेळ दोन्हींना जागा लागते, डीएफ मध्ये जागा दिसतेय तरी फेल का होतं त्याचं कारण बऱ्याचदा हे.

एन्क्रिप्टेड डिस्कवाल्यांनी हे नीट वाचा. माझ्या लॅपटॉपवर दुरुस्तीच्या वेळी मी लाइव्हमधून क्रिप्टसेटअपने डिस्क उघडली आणि मनाला येईल ते नाव दिलं, इमेज बनली, रीस्टार्ट केलं तर पासवर्ड विचारलाच नाही, "यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) अस्तित्वात नाही" म्हणून सरळ बिझीबॉक्सच्या म्हणजे इमेजमधल्या छोट्या शेलमध्ये. दोन तास गेल्यावर लक्षात आलं की इमेज बनताना एक वॉर्निंग आली होती, टार्गेट क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड डिस्कांची यादी असलेली फाइल) सापडत नाही म्हणून. क्रिप्टटॅब फाइलमध्ये पहिल्या कॉलममध्ये जे नाव आहे अगदी त्याच नावाने डिस्क उघडायची असते, नाहीतर टूल त्या डिस्कची नोंद इमेजमध्ये टाकतच नाही. शिवाय डेबियनवर क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस हे पॅकेज वेगळं आहे ते बसलंय का बघा, आर्चवर एलव्हीएम२ पॅकेज नसेल तर त्याचा हूकही (इमेजमध्ये ती टूल्स घालणारी स्क्रिप्ट) सापडत नाही.

टूलने शेवटी एरर दिली नाही म्हणून लगेच रीस्टार्ट करू नका, इमेज उघडून बघा. डेबियनवर एलएसइनिटरॅमएफएस, फेडोरावर एलएसइनिटआरडी, आर्चवर एलएसइनिटसीपीआयओ, आणि ग्रेप करून तुमच्या डिस्कचा मॉड्यूल आहे ना ते शोधा. काही इंटेल लॅपटॉपवर एनव्हीएमई बरोबर व्हीएमडी (इंटेलच्या स्टोरेज कंट्रोलरचा) मॉड्यूल पण लागतो. मॉड्यूल यादीत नसेल तर तो कर्नलमध्येच बिल्ट-इन आहे का हे मॉड्यूल्स फोल्डरमधल्या बिल्टिन यादीत बघता येतं.

डेबियन, उबुंटूवर अर्धवट राहिलेली पॅकेजं डीपीकेजी --कॉन्फिगर -ए ने पूर्ण करून घ्या, मग अपडेट-ग्रब. रीस्टार्टनंतर "अननोन ब्लॉक ०,०" म्हणत कर्नल पॅनिक आला तर समजा इमेज कर्नलपर्यंत पोचलीच नाही, बूटलोडरच्या एंट्रीत इनिटआरडीची ओळ आणि फाइलचं नाव जुळतंय का बघा. इनिटरॅमएफएसचा शेल आला तर इमेज पोचलीये पण तिला रूट सापडत नाहीये, तिथेच बीएलकेआयडी मारा, डिस्क दिसत नसेल तर मॉड्यूल राहिलाय आणि दिसत असेल तर यूयूआयडी चुकलाय.