ताठ मान, कमरेला रुमाल

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातली मुलं माझ्याकडे दोन वेळा हमखास येतात. एक, नोकरीची मुलाखत आली की. दुसरी, पाळकसाहेबांनी (चर्चच्या पाद्रींनी) पहिल्यांदा उपदेश करायला सांगितला की. प्रश्न दोन्ही वेळा तोच असतो: "बाई, स्वतःबद्दल चांगलं बोललं तर गर्व नाही का होत?" माझी सगळी नोकरी नगरला शाळेत शिकवण्यात गेली, त्यामुळे उत्तरही जरा बाईछापच येतं. चालवून घ्या.

आधी एक खोड मोडा. गाणं म्हण म्हटलं की "घसा बसलाय", प्रार्थना कर म्हटलं की "मी काय, पामर", आणि तेच काम शेजारच्या बाकावरच्याला मिळालं की दिवसभर तोंड पाडून बसायचं. हा मानभावीपणा आपल्या मंडळ्यांत चांगलाच मुरलाय. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, त्याला आधार शोधायला जाल तर पंचाईत होईल. त्यातल्या निर्गम या पुस्तकाचे तिसरा आणि चौथा हे दोन अध्याय सलग वाचा. इस्राएल लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी देव मोशेला मिसरच्या राजाकडे, फारोकडे, जायला सांगतो, तेव्हा मोशे विचारतो, मी कोण जाणारा? देव त्यावर "तू हुशार आहेस, तुला जमेल" असं म्हणत नाही. "मी तुझ्याबरोबर असेन" एवढंच म्हणतो. प्रश्न लायकीचा होता, उत्तर सोबतीचं आलं. तरी मोशेच्या सबबी संपत नाहीत. लोक विश्वास ठेवणार नाहीत, जीभ जड आहे, आणि शेवटी तर दुसऱ्या कोणाला तरी पाठव. इथे मात्र देव रागावतो. पुढे हाच मोशे फारोसमोर पुन्हापुन्हा उभा राहतो, आणि गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत नम्र म्हणून त्याचीच नोंद होते. तेव्हा "मी कोण?" हे एकदा जरूर विचारा. पाचव्यांदा विचारू नका.

आता वही घ्या. मोबाईलवर नको, हाताने लिहा. तीन वाक्यं लिहायची. मी काय करते, ते कोणी शिकवलं, आणि काय अजून येत नाही.

आमच्यातली एक नर्स मोठ्या हॉस्पिटलच्या मुलाखतीला निघाली होती. अर्जात तिने लिहिलेलं, "मी मेहनती व प्रामाणिक असून दिलेले काम मनापासून करते." हे तर कोणीही लिहील. मी म्हटलं, वॉर्डात अडलं की तुला कशासाठी हाक मारतात? जरा लाजत म्हणाली, लहान बाळांना सलाईन लावायला. बाळाची शीर दोऱ्यासारखी असते, बाळ रडत असतं, आई त्याहून जास्त. ही आधी बाळाचा हात ऊबदार करते, घाई करत नाही, आणि शीर बोटाला लागल्याशिवाय सुई उचलत नाही. मग आम्ही लिहिलं: "लहान बाळांना सलाईन लावायचं काम वॉर्डात माझ्याकडे येतं. हे मला नाइट ड्यूटीच्या सिनियर सिस्टरनी शिकवलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची जबाबदारी मी अजून एकटीने घेतलेली नाही, शिकायची तयारी आहे."

यात फुशारकीचा एक शब्द नाही आणि रडगाणंही नाही. पहिलं वाक्य लिहिताना बहुतेकांचा हात अडखळतो, पण माझ्या मते खरी कसोटी तिसऱ्या वाक्याची. ज्याला आपलं येणारं नीट ठाऊक आहे, त्यालाच न येणारं न घाबरता सांगता येतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो: स्वतःला आहे त्याहून मोठं समजू नका, देवाने दिलेल्या विश्वासाच्या मापाने भान ठेवून स्वतःला जोखा. जोखायचं म्हणजे तराजू हवा, आणि खोटं वजन कमी दाखवलं तरी ते खोटंच.

मुलाखतीआधी प्रार्थना करालच. "नोकरी मिळू दे" एवढ्यावर थांबू नका, "विचारतील तेवढंच आणि खरं बोलू दे" हेही मागा. आत गेल्यावर खुर्चीच्या कडेवर बसू नका, नीट बसा.

कौतुक झालं तर काय करायचं? "थँक्यू, बरं वाटलं" म्हणायचं, कोणी मदत केली असेल तर त्याचं नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. "सगळी स्तुती देवाची" हे मनापासून येत असेल तर जरूर म्हणा, पण समोरच्याचं तोंड बंद करायला देवाचं नाव वापरू नका. पौल करिंथकरांना लिहितो की मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे, आणि त्याच दमात सांगतो की इतर सगळ्यांपेक्षा मी जास्त श्रम केले, तरी ते माझं नव्हे, कृपेचं. दोन्ही एकाच वचनात! आपल्याला मात्र पहिला अर्धाच पाठ असतो.

येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग दर पुण्य गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, ऐकतो, पण त्याच्या आधीचं वाक्य कानावरून जातं. शुभवर्तमानात योहान म्हणतो, पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय आणि आपण देवापासून आलोय हे येशूला ठाऊक होतं, म्हणून तो उठला आणि रुमाल कमरेला बांधला. स्वतःची जागा पक्की ठाऊक होती, म्हणूनच वाकणं जड गेलं नाही. आणि त्याचा शिष्य पेत्र? "माझे पाय कधीच धुवायचे नाहीत." ऐकायला किती नम्र! येशूने ते मान्य केलं नाही. तेव्हा सतरंज्या उचलायच्याच, पण तुम्ही आजारी असताना कोणी डबा घेऊन आलं तर तो परत पाठवायचा नाही. हे दुसरं आपल्याला जास्त कठीण जातं, विशेषतः बायकांना.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतो ते. अन्याय झाला तर नम्र माणसाने नमतं घ्यायचं का? फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? स्वतः येऊन बाहेर काढा. ते आले, विनवण्या केल्या. आणि पुढे याच फिलिप्पैच्या मंडळीला पौलाने बंदिवासातून लिहिलं की लीनतेने दुसऱ्याला स्वतःपेक्षा श्रेष्ठ माना. गाव तेच, माणूस तोच. मला वाटतं, त्याचा हट्ट स्वतःच्या मानपानासाठी नव्हता. जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाच्या घरी जमणारे विश्वासणारे मागे राहणार होते, त्यांच्याकडे उद्या कोणी सहज बोट उगारू नये हे त्याने पाहिलं असावं. म्हणून भांडण्याआधी मी मुलांना एकच विचारते: हे मिळालं तर तुझ्याशिवाय कोणाचं भलं होईल?

पंडिता रमाबाई आठवा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तिथल्या सिस्टर जेराल्डिन या ननना पत्रातून कळवून टाकलं की धर्मगुरूंच्या तोंडून पडेल तो प्रत्येक शब्द मी मानेनच असं नाही. त्याच बाईंनी केडगावला मुक्तिसदनात निराधार बायका-मुलींसोबत आयुष्य काढलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि तेही साध्या बायकांना कळेल अशा सोप्या भाषेत. 1922 मध्ये वारल्या तोवर हेच काम चाललं होतं.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत विरोध करायची वेळ आली तर याच चालीने जा. आदल्या दिवशी मुद्दा कागदावर दोन ओळींत लिहा. सभेत "साहेब, मला बोलायचंय" म्हणून उभे राहा, कोणाच्या घराण्यावर जाऊ नका, आकडे असतील तर आधी आकडे सांगा. म्हणणं फेटाळलं गेलं तर हरकत सभेच्या इतिवृत्तात नोंदवायला सांगा, आणि सभा संपल्यावर चहाचे कप गोळा करायला थांबा.