मिठाची पुडी, चवदार तळे आणि कांद्याचा भाव: मुलांशी स्वातंत्र्य आणि अर्थव्यवहार यांविषयी कसे बोलावे

शाळेच्या वेळापत्रकात इतिहासाचा तास वेगळा, नागरिकशास्त्राचा वेगळा, अर्थशास्त्र पुढे कधीतरी आणि चालू घडामोडी स्पर्धा परीक्षेपुरत्या, अशी वाटणी असते. मुलाच्या मनात ती नसते. आठ-नऊ वर्षांचे मूल "हे कोणी ठरवले?", "याचे पैसे कोण देते?" आणि "ऐकले नाही तर काय होईल?" असे प्रश्न दिवसभर विचारत असते आणि नीट पाहिले तर हे चारही विषय या तीन प्रश्नांतच सामावलेले असतात. गेली काही वर्षे मी दर रविवारी सकाळी पाऊण तास आमच्या इमारतीतील सात-आठ मुलांना घेऊन बसते. त्या अनुभवावरून एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकते. व्याख्येपासून सुरुवात केली की मुले जांभया देतात; हातात धरता येईल अशा वस्तूपासून सुरुवात केली की व्याख्येपर्यंत ती आपली आपण पोहोचतात. खाली सांगितलेले उपक्रम साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहेत.

मीठ

पहिल्या रविवारी मिठाची एक किलोची पुडी, स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि वही-पेन्सिल एवढेच साहित्य घ्यावे. घरात महिन्याला किती मीठ लागते, हे प्रत्येक मुलाने आदल्या दिवशी घरी विचारून यावे. मग त्यांना सांगावे की 1930 साली मिठावर मणाला 1 रुपया 4 आणे कर होता, मण म्हणजे सुमारे 37 किलो, रुपयाचे 16 आणे आणि आण्याचे 4 पैसे. येथे गडबड करू नये, कारण आणे-पैशांचा हिशेब मुलांना फार आवडतो आणि शंभर पैशांचा रुपया 1957 सालापासूनचा आहे हे ऐकून ती आजी-आजोबांना "चार आणे म्हणजे किती?" असे विचारत सुटतात. हिशेब केला की मणाला 80 पैसे, म्हणजे किलोला दोन पैशांहून किंचित अधिक, असे उत्तर येते. ते आले की कोणीतरी हमखास म्हणते, "एवढ्याशा करासाठी गांधीजी इतके चालले?"

या क्षणी उत्तर देण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. सावकाराच्या घरात मीठ जास्त लागत असेल की दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराच्या घरात? आणि दोघांच्या मिळकतीत त्या दोन पैशांचा वाटा सारखाच असेल का? कर सर्वांना सारखा असला तरी त्याचा भार सारखा नसतो, हे मुलांना येथे सांगावे लागत नाही, ते त्यांच्या वहीतच दिसते. यापुढचा प्रश्न अधिक खोल आहे. समुद्राचे पाणी खाचरात साठले, उन्हाने आटले आणि खाली पांढरा थर राहिला, तर तो उचलणे हा गुन्हा कसा? परवान्याशिवाय मीठ तयार करणे तेव्हाच्या कायद्याने गुन्हा होता, हे कळल्यावर करावरची चर्चा आपोआप स्वातंत्र्यावरच्या चर्चेत शिरते.

त्यानंतर हकिगत सांगावी. 12 मार्च 1930 रोजी गांधीजी 78 सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले, सुमारे 385 किलोमीटर चालून 5 एप्रिलला दांडीला पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मीठ उचलून कायदा मोडला. मे महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवरही सत्याग्रह झाले. शिरोडे नकाशावर दाखवावेच, कारण इतिहास आपल्या ओळखीच्या गावात घडला हे कळले की मुले पुढे सरकून बसतात. 1931 च्या गांधी-आयर्विन करारानंतर मीठ तयार होणाऱ्या भागातील गावकऱ्यांना घरापुरते मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली आणि कर मात्र 1947 मध्ये रद्द झाला. शेवटी घरातील किराणा मालाचे ताजे बिल मुलांपुढे ठेवून त्यात मिठावरचा जीएसटी शोधायला लावावे. तो सापडणार नाही, कारण मिठावर जीएसटी नाही. बिस्किटाच्या पुड्यावर मात्र केंद्राचा वाटा आणि राज्याचा वाटा असे दोन आकडे सापडतील आणि एकाच बिस्किटावर दोन सरकारांचा हक्क का, हा पुढचा प्रश्न तयार होईल.

येथे एक सावधगिरी बाळगावी. मुले लगेच "म्हणजे कर वाईट" या निष्कर्षावर येतात. तेव्हा नळाचे पाणी, कचऱ्याची गाडी आणि रस्त्यावरचा दिवा यांचे पैसे कोण देते हे विचारावे आणि मग 1930 व आज यांतील फरक त्यांनाच शोधू द्यावा. आमच्याकडे सहावीतील एका मुलीने तो असा मांडला: "तेव्हा पैसे आपण द्यायचे आणि ठरवणारे मात्र आपण निवडलेले नव्हते." लोकप्रतिनिधित्वाची याहून सोपी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

तळे

कायदा मोडून हक्क मिळवल्याची गोष्ट मुलांना सहज समजते. कायद्याने दिलेला हक्क मिळवण्यासाठीही लढावे लागते, हे समजायला कठीण असते आणि त्यासाठी महाडच्या चवदार तळ्याइतके चांगले उदाहरण नाही. मी ते गॅलरीतील फरशांवर शिकवते. एक फरशी म्हणजे एक वर्ष, असे ठरवून खडूने 1923 ते 1937 असे पंधरा आकडे लिहायचे आणि एका मुलाने एकेका फरशीवर पुढे सरकायचे.

1923 च्या फरशीवर मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही खुल्या असाव्यात. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. फरशीवर उभा असलेला मुलगा म्हणाला, "मग संपले की!" त्याला आणखी दोन फरशा चालायला लावल्या आणि प्रत्येक फरशीवर "आज कोणी पाणी घेतले का?" असे विचारले. उत्तर "नाही" असेच आहे. ठराव कागदावर होता, पण तळ्यावर जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर त्या वेळी महाडला भरलेल्या परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे "शुद्धीकरण" करण्यात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मुलगा एक पाऊल मागे येतो. मग प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा तो शेवटच्या फरशीवर पोहोचतो.

हा भाग शिकवताना पालक अवघडतात, हे मला माहीत आहे. जातीचा उल्लेख मुलांसमोर कसा करायचा, अशी भीती असते. तो स्पष्ट शब्दांत करावा. "काही लोकांना" असे मोघम बोलल्यास मुलांना अन्याय कळत नाही आणि आपण काहीतरी लपवत आहोत हे मात्र कळते. पाणी प्यायला मनाई कोणाला होती, ती कोणी केली आणि कोणत्या कारणाने केली, हे सरळ सांगावे. गटात निरनिराळ्या घरांतील मुले असतील, तर कोणालाही त्याच्या घराण्याचा प्रतिनिधी समजून प्रश्न विचारू नये.

हकिगत संपल्यावर भारताचे संविधान उघडावे. त्याची अधिकृत मराठी प्रत मिळते. अनुच्छेद 15 मधील दुसरा खंड एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगावा. त्यात विहिरी, तलाव आणि स्नानघाट हे शब्द येतात. फरशांवरून चालून आलेल्या मुलांना ते शब्द तेथे का आले असतील, हे विचारावे लागत नाही. वाचणारी मुलगी "तलाव" या शब्दाशी थांबली आणि तिने गॅलरीकडे पाहिले. त्यानंतरच अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद 17 कडे आणि भाषणस्वातंत्र्यासारखे हक्क देणाऱ्या अनुच्छेद 19 कडे वळावे. आधी उद्देशिका पाठ करून घेऊन मग उदाहरणे देण्याची आपली रीत आहे. तिचा क्रम मी उलटा केला, तेव्हापासून मुलांना उद्देशिकेतील शब्दांचे वजन कळू लागले.

कांदा

अर्थकारण आणि चालू घडामोडी यांसाठी महाराष्ट्रातील मुलांना कांद्यासारखा शिक्षक नाही. महिनाभर प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा भाजीवाल्याकडचा कांद्याचा भाव वहीत लिहावा आणि शेजारी वर्तमानपत्रातील लासलगाव बाजार समितीचा क्विंटलचा भाव लिहावा. क्विंटलच्या भावाला शंभराने भागले की दोन आकडे शेजारी येतात आणि त्यांतील अंतर मुलांना खुपते. मधले पैसे कोणाला मिळतात, असे विचारून वाहतूक, हमाली, तोलाई, खराब होणारा माल, दुकानाचे भाडे आणि प्रत्येकाचा नफा यांची यादी त्यांच्याकडूनच काढून घ्यावी. शेतकरी आणि ग्राहक यांच्यामधला प्रत्येक माणूस लुबाडणारा आहे, हा समज बहुतेक घरांत आयता मिळतो. तसेच सगळे काही ठीकच आहे, असाही समज करून देऊ नये. माहिती गोळा होईपर्यंत दोन्ही बाजूंना थांबायला शिकवावे.

त्यानंतर एक खरे प्रकरण घ्यावे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य (याहून कमी भावाने परदेशी विकता येत नाही) ठरवले आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. खरिपाचा लाल कांदा तेव्हा बाजारात येत होता. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या कांदाचाळीत महिनोन्महिने टिकत नाही, त्यामुळे भाव पडले तरी शेतकऱ्याला थांबता येत नव्हते. नाशिक जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर उतरले, लिलाव बंद पडले. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण शुल्क आणि 550 डॉलर किमान मूल्य राहिले. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले, तर 1 एप्रिल 2025 पासून तेही गेले. हा क्रम फळ्यावर लिहून मुलांना चिठ्ठ्या वाटाव्यात: शेतकरी, हमाल, व्यापारी, निर्यातदार, मुंबईतील रोजंदारीवर जगणारे कुटुंब आणि मंत्री.

आमच्या खेळात मंत्री झालेल्या मुलाने उठून जाहीर केले, "सगळ्यांनी वीस रुपये किलोने विकायचे." शेतकरी झालेली मुलगी म्हणाली, "मला बावीस खर्च आला आहे. मी गाडी भरतच नाही." व्यापाऱ्याने हळूच शेजाऱ्याला सांगितले की संध्याकाळी मागच्या दाराने या, तीस रुपयांनी देतो. आणि रोजंदारीच्या कुटुंबातील मुलगा चिडून म्हणाला, "तुमचे सगळ्यांचे बरोबर असेल, पण मी आज काय खाऊ?" मंत्री बराच वेळ गप्प उभा होता. या शांततेत मोठ्यांनी बोलू नये. भाव हा केवळ आकडा नसतो, त्यातून कोणाला किती माल आणायचा आणि कोणाला किती घ्यायचा याचा निरोप मिळत असतो, हे समजावून सांगण्याची वेळ पुढच्या रविवारी येते आणि तेव्हा मुलांना ते पटते, कारण निरोप तुटल्यावर काय होते हे त्यांनी पाहिलेले असते.

वर्तमानपत्र

एकाच बातमीची दोन वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात. घडलेल्या गोष्टीखाली लाल, कोणीतरी केलेल्या दाव्याखाली निळी आणि लिहिणाऱ्याच्या मताखाली हिरवी रेघ मारायची. भ्रमणध्वनीवर आलेल्या निरोपांनाही हीच कसोटी लावावी. त्यांत तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव आहे का, हे आधी पाहावे.

मग सेन्सॉरशिप म्हणजे काय, ते करून दाखवावे. एका मुलाने बातमीतील हव्या त्या ओळी काळ्या स्केचपेनने खोडायच्या आणि दुसऱ्याने उरलेला मजकूर वाचून काय घडले ते सांगायचे. दुसरा मुलगा जे सांगतो ते ऐकून पहिला हसतो आणि थोड्या वेळाने अस्वस्थ होतो. त्यानंतर आणीबाणीबद्दल बोलावे: 25 जून 1975 च्या रात्री ती जाहीर झाली, वृत्तपत्रांवर निर्बंध आले आणि 28 जूनला इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने निर्भयपणे भूमिका मांडली आणि पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. अनुच्छेद 19 मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे आणि त्यावरील वाजवी निर्बंधांची तरतूदही आहे. "वाजवी" कोणी ठरवायचे, यावर बारा-तेरा वर्षांची मुले अर्धा तास मनापासून भांडू शकतात. त्यांना भांडू द्यावे.

आपले राजकीय मत मुलांपासून लपवण्याची गरज नाही, परंतु ते सर्वांत शेवटी आणि "हे माझे मत आहे" असे म्हणून सांगावे. माझ्या मताला हिरवी रेघ मारण्याचा अधिकार मुलांना आहे आणि ती तो बजावतात.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसोबत एक पायरी पुढे जाता येते. आपल्या रस्त्याच्या दुरुस्तीवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, असा एखादा प्रश्न निवडून त्यांनी माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा करावा आणि पालकांनी त्यावर सही करावी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क 10 रुपये असते आणि उत्तरासाठी सर्वसाधारणपणे 30 दिवसांची मुदत असते. 150 शब्दांची मर्यादा भाषेच्या दृष्टीनेही उत्तम, कारण प्रश्न नेमका करण्यासाठी मुलांना तीन-चार वेळा खाडाखोड करावी लागते. अर्ज दिल्याची तारीख आणि तिसावा दिवस, दोन्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुलाकडूनच लिहून घ्यावेत.