नेट तुमचं, वापरतो भलताच: केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर या चुका टाळा

"भाऊ, दोन जीबी सकाळी अकरालाच काऊन सरते?" पीक विम्याच्या दिवसांत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑनलाइन अर्ज भरून देणारं सेवा केंद्र चालवणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. खापर टॉवरवर फुटतं. कॉम्प्युटरच्या पोटात काय चाललंय ते कोणी उघडून पाहत नाही.

पहिली चूक फुकट व्हीपीएनची, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरची. पोर्टल उघडेना की कोणीतरी सांगतोच, "व्हीपीएन टाक ना." वास्तविक काही सरकारी पोर्टलं परदेशी आयपी (नेटवरचा पत्ता) दिसला की उलट दारच लावतात. शिवाय फुकटच्या व्हीपीएनचा खर्च कुठून तरी निघावा लागतो. काही सॉफ्टवेअर तो तुमच्याच कनेक्शनमधून काढतात: तुमचा कॉम्प्युटर प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्याचं नेट पुढे पोचवणारा मध्यस्थ, म्हणून तिऱ्हाइताला भाड्याने देतात. मे 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने 911 एस5 नावाचं असंच जाळं मोडलं. त्यात 1 कोटी 90 लाखांहून जास्त आयपी पत्ते अडकले होते आणि मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा फुकट ॲपांतून ते पसरलं होतं. कोणी अशा आयपीवरून फसवणूक केली तर माग निघतो तो तुमच्या दारापर्यंत.

दुसरी चूक, अंदाजाने काहीतरी उडवून टाकणं. आधी बघा. ब्राउझर पूर्ण बंद करा, विंडोजमधलंच रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये पाच मिनिटं नजर ठेवा. विंडोज अपडेट असेल तर येणारा डेटा भरपूर, जाणारा थोडा. वनड्राइव्ह फोटो चढवत असेल तर उलटं. पण एखाद्या अनोळखी प्रोग्रॅमचा येणारा आणि जाणारा आकडा जवळपास सारखाच वाढत असेल तर संशय घ्या. प्रॉक्सीचं कामच इकडून घेऊन तिकडे देण्याचं.

आयकॉन डिलीट करून मोकळं होणारे तर बरेच. त्याने काही होत नाही. इन्स्टॉल्ड ॲप्समधून काढा, मग टास्क मॅनेजरचं स्टार्टअप आणि टास्क शेड्युलरही तपासा. नंतर सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सीच्या पानावर जा. 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद केल्यावरही रीस्टार्टनंतर आपोआप चालू होत असेल, तर मागे कोणीतरी अजून जिवंत आहे. उलट, प्रोग्रॅम गेला पण तिथे 127.0.0.1 (म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरचा पत्ता) तसंच राहिलं, तर वायफाय दिसतं पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही. मग उगाच फॉरमॅट मारलं जातं.

एवढ्यावरही काम संपत नाही, कारण विंडोजच्या काही सेवा हे पान मानतच नाहीत; त्यांची प्रॉक्सी वेगळी, विनएचटीटीपी नावाच्या विंडोजच्याच भागाची. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नेटश, विनएचटीटीपी, शो, प्रॉक्सी हे चार शब्द इंग्रजी लिपीत, मध्ये जागा सोडून टाइप करा. 'डायरेक्ट ॲक्सेस' आलं तर ठीक. भलताच पत्ता आला तर 'शो'च्या जागी 'रिसेट' टाका. कार्यालयाच्या नेटवर्कमधलं मशीन असेल तर मात्र आधी तिथल्या माणसाला विचारा, प्रॉक्सी मुद्दाम लावलेली असू शकते.

हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा. अपडेटची बरीचशी उधळपट्टी थांबते. चोरटी प्रॉक्सी त्याने थांबत नाही, तिला काढावंच लागतं.

असं काही सापडलं असेल तर ऑपरेटर आयडीचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून.