पंपाचा स्टोव्ह : रॉकेलची वाफ करून निळी ज्योत कशी मिळवावी

पंपाचा पितळी स्टोव्ह हे रॉकेलची वाफ करून ती जाळणारे एक छोटे यंत्र आहे, आणि तो पेटवताना, चालवताना किंवा दुरुस्त करताना जे काही नियम पाळावे लागतात ते सगळे या एका गोष्टीतून निघतात. माळ्यावरचा जुना स्टोव्ह खाली काढून तो पुन्हा चालू करू पाहणाऱ्यांनी ‘आधी काकडा, मग पंप’ एवढा क्रम बहुधा ऐकलेला असतो. परंतु काकडा, म्हणजे रॉकेलमध्ये भिजवून बर्नरच्या मानेभोवती पेटवायची वात, कशासाठी लावायचा आणि पंप नेमका केव्हा मारायचा हे उमगलेले नसते, त्यामुळे स्टोव्ह भडकतो, पातेल्यांची बुडे काळी होतात आणि खापर मात्र स्टोव्हवर फुटते.

रॉकेल हे एकजिनसी द्रव्य नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते, आणि ते साधारणपणे १५० ते ३०० अंश सेल्सिअस या पट्ट्यात उकळते. टाकीत पंपाने भरलेली हवा रॉकेलला मधल्या नळीतून वर बर्नरकडे ढकलते. बर्नरच्या नळ्या ज्योतीच्या अगदी लगत वळवलेल्या असल्यामुळे त्या चांगल्याच तापलेल्या असतात. त्यांतून फिरताना रॉकेलची वाफ होते आणि ती निपलच्या, म्हणजे बर्नरच्या मधोमध बसवलेल्या छोट्या तोटीच्या, छिद्रातून जोराने वर उसळते. हे छिद्र मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढे असते. बाहेर पडणारी वाफ भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घेते, वरच्या टोपीवर आदळून चहूकडे पसरते आणि निळी जळते. एक लिटर रॉकेल पुरते जळण्यासाठी सुमारे १० घनमीटर हवा लागते. वाफेत एवढी हवा सहज मिसळते, पण द्रव रॉकेलच्या थेंबाभोवती ती वेळेत पोहोचत नाही. मग अर्धवट जळालेल्या कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात आणि थंड झाल्यावर काजळी म्हणून भांड्याला चिकटतात. म्हणून ज्योतीचा पिवळा रंग दिसला की वाफ नीट होत नाही किंवा हवा पुरत नाही, यांपैकी काहीतरी बिनसले आहे असे समजावे.

आता या व्यवहाराचा हिशेब पाहण्याजोगा आहे. एक किलो रॉकेल उकळेपर्यंत तापवून त्याची वाफ करण्यासाठी पाऊण मेगाजूलच्या आसपास उष्णता लागते, आणि तेच किलोभर रॉकेल जळले की सुमारे ४३ मेगाजूल उष्णता मिळते. म्हणजे ज्योतीने आपल्या उष्णतेचा शंभरातला दोनएक भाग बर्नरच्या नळ्यांना परत दिला की पुढच्या रॉकेलची वाफ आपोआप होत राहते. खोळंबा होतो तो फक्त पहिल्या एकदोन मिनिटांचा, कारण ज्योतच नसते तेव्हा नळ्या तापवणार कोण? तेवढी उष्णता बाहेरून द्यावी लागते, आणि ती देणारा म्हणजे काकडा.

स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली काजळी न धरणारा असा स्टोव्ह तयार केला आणि तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला. दक्षिण ध्रुवावर १९११ मध्ये पोहोचलेल्या आमुंडसेन यांच्या तुकडीकडेही प्रायमसच होते. आपल्याकडे घराघरांत जो पितळी स्टोव्ह फुरफुरत असे, त्याची अंतर्रचना हीच आहे.

कोणते इंधन वापरावे

या स्टोव्हमध्ये स्वच्छ रॉकेलच वापरावे. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा प्रज्वलनांक ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असता कामा नये. याचा अर्थ असा की त्याखालच्या तापमानाला रॉकेलच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ साचत नाही. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली ४० अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे पेट्रोल किंवा रंगकामाचा थिनर थोडासा जरी मिसळला गेला, तरी वाफ बर्नरऐवजी टाकीतच तयार होऊ लागते, झाकणापाशी किंवा पंपापाशी कोठे फट असेल तर तेथून ती बाहेर येते आणि पेट घेते. रॉकेल पूर्वीसारखे रेशनवर हमखास मिळत नाही, म्हणून ‘थोडे चालते’ असे सांगून काहीतरी मिसळून देणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

डिझेलची गोष्ट उलटी आहे. ते रॉकेलपेक्षा जड, त्याचा उकळण्याचा पट्टा ३५० अंशांच्याही पुढे जातो, आणि इतक्या तापमानाला त्यातले जड घटक वाफ होण्याआधीच तुटून नळ्यांत कोळशाचा थर धरतात. डिझेलवर चालवलेला बर्नर काही दिवसांतच तुंबतो. याच कारणासाठी कारखान्यांतल्या भट्ट्यांमध्ये फर्नेस ऑइलसारखे जड तेल नळीत उकळवून त्याची वाफ करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ते तापवून पातळ करतात आणि हवेच्या किंवा दाबाच्या जोरावर त्याचा बारीक फवारा उडवतात. मग प्रत्येक सूक्ष्म थेंबाची वाफ भट्टीच्या पोटात, ज्वालेतच होते. वाफ होण्यावाचून सुटका तिथेही नाही. फक्त ती नळीत न होता उघड्यावर होते.

पेटवण्याची रीत

रॉकेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून गाळून घ्यावे. गाळले नाही तर टाकीच्या तळाशी बसलेला कण नेमका निपलच्या छिद्रात जाऊन अडकतो, आणि त्या छिद्राच्या मानाने धुळीचा कणही मोठाच असतो. टाकी तीन-चतुर्थांशापेक्षा अधिक भरू नये. वरची मोकळी जागा हवेसाठी आहे, कारण हवा दाबली जाते, रॉकेल दाबले जात नाही. टाकी काठोकाठ भरली तर दोन पंपांतच दाब नको इतका चढतो आणि थोडे रॉकेल संपताच तेवढ्याच झपाट्याने उतरतो. सांडलेले रॉकेल पुसून घ्यावे. स्टोव्ह सपाट जागी, पडद्यांपासून व झुळकीपासून दूर ठेवावा, आणि खोलीची एक खिडकी उघडी असावी, कारण हवा कमी पडली की निळी ज्योतसुद्धा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, गंधहीन वायू सोडते.

काकडा रॉकेलमध्ये बुडवून, निथळून, बर्नरच्या मानेभोवती अडकवावा आणि पेटवावा. बर्नरखाली वाटी असलेल्या स्टोव्हमध्ये काकड्याऐवजी वाटीत स्पिरिट ओतण्याची सोय असते. स्पिरिट धूर करत नाही म्हणून ते मला काकड्यापेक्षा बरे वाटते, पण त्याची ज्योत उजेडात दिसतच नाही, तेव्हा पेटत्या किंवा नुकत्याच विझलेल्या वाटीत बाटलीतून स्पिरिट कधीही ओतू नये. ज्योत धारेवरून बाटलीत चढते.

काकडा जळत असेपर्यंत हवेचा स्क्रू, म्हणजे टाकीतली हवा सोडण्याचा स्क्रू, उघडा ठेवावा. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. स्क्रू बंद असेल तर टाकीतली हवा काकड्याच्या आचेने तापून फुगते, बर्नर अजून पुरता तापलेला नसतानाच रॉकेल वर ढकलले जाते आणि निपलमधून वाफेऐवजी द्रव रॉकेलची चिळकांडी उडते. स्टोव्ह ‘भडकला’ असे म्हणतात तो बहुतेक वेळा असा.

काकडा विझत आला, म्हणजे त्याची शेवटची ज्योत अजून बर्नरच्या तोंडाशी खेळत आहे अशा वेळी, स्क्रू घट्ट करून पंपाचे दोनतीनच सावकाश दट्टे द्यावेत. बर्नर तापला असेल तर आधी हलकी फुसफूस ऐकू येते, मग काकड्याच्या उरल्यासुरल्या ज्योतीवर वाफ पेट घेते आणि टोपीभोवती निळे कडे उमटते. या टप्प्यावर घाई करू नये. अर्धा-एक मिनिट ती लहान ज्योत तशीच जळू द्यावी, नळ्यांना आपली स्वतःची आच लागू द्यावी, आणि आवाज एकसारखा झाल्यावरच पुढचे पंप मारावेत. सुरुवातीला ज्योतीत पिवळ्या जिभा उठल्या तर ताबडतोब स्क्रू सोडावा; दाब उतरतो, रॉकेल वर येणे थांबते आणि वर आलेले जळून जाते. ते जळून संपल्यावर काकड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. भडकलेल्या स्टोव्हवर पाणी ओतू नये, कारण रॉकेल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरते. ओले गोणपाट किंवा जाड सुती कापड टाकून हवा तोडावी.

थंडीत, वाऱ्यात किंवा उंचावर एक काकडा पुरत नाही. अशा वेळी पंप जोरात मारून वेळ वाचवण्याचा मोह होतो, पण थंड बर्नरला दाब देणे म्हणजे अधिक रॉकेल थंडच वर पाठवणे. दुसरा काकडा लावावा, पण तो पहिला पूर्ण विझून स्टोव्ह हाताळण्याजोगा झाल्यावर.

आच वाढवायची असेल तर पंप मारावा. कमी करायची असेल तर स्क्रू किंचित सैल करून थोडी हवा सोडावी आणि लगेच पुन्हा आवळावा. बहुतेक पितळी स्टोव्हना वेगळी चावी नसते, हवेचा दाब हीच चावी. मात्र आच फार उतरवली तर बर्नरला परत मिळणारी उष्णताही घटते, वाफ धड होत नाही आणि ज्योत पिवळी पडू लागते. म्हणून या स्टोव्हवर दूध मंद आचेवर आटवत बसण्याऐवजी खाली तवा ठेवून त्यावर पातेले ठेवणे सोयीचे. स्टोव्ह बंद करताना स्क्रू पूर्ण सोडावा. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल भरू नये, ‘थोडेच घालायचे आहे’ म्हणूनसुद्धा नाही. हाताला टाकी व बर्नर दोन्ही गार लागेपर्यंत थांबावे.

बिघाड आणि दुरुस्ती

पंप पोकळ जातो, हाताला दाब लागत नाही, तेव्हा बहुधा पंपाच्या दांड्याच्या टोकाचा चामडी वायसर सुकलेला असतो. दांडा बाहेर काढावा, वायसर खोबरेल किंवा शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर भिजवावा, मऊ झाल्यावर त्याची कड बोटांनी बाहेरच्या बाजूला फुलवावी आणि दुमडू न देता तो हळूच परत नळीत बसवावा. याउलट पंपाचा दांडा आपोआप वर येत असेल किंवा पंपाच्या नळीतून रॉकेल पाझरत असेल, तर दोष नळीच्या तळाच्या व्हॉल्व्हचा आहे: त्यातला रबराचा किंवा बुचाचा तुकडा झिजला आहे आणि टाकीतला दाब उलट वाटेने बाहेर येत आहे. असा स्टोव्ह दुरुस्त होईपर्यंत पेटवू नये.

ज्योत एका अंगाला झुकली, उंचसखल झाली किंवा आवाज बसला तर निपलमध्ये पिन घालण्याची वेळ आली असे समजावे. पिन म्हणजे पत्र्याच्या पट्टीला लावलेली केसासारखी तार. ती सरळ उभी आत घालावी आणि सरळच वर काढावी. तिरकी घातली तर छिद्र लांबट होते आणि मग ज्योत कायमची वाकडी. तार आत तुटली तर वरून कोरत बसू नये. स्टोव्ह गार करून, दाब सोडून, निपल किल्लीने काढावा आणि तुटका तुकडा आतल्या बाजूने बाहेर ढकलावा. पिनेनेही फरक पडत नसेल तर नळ्यांच्या आत कोळसा धरला आहे. जुने कारीगर असा बर्नर सुटा करून भट्टीत लालसर तापवत आणि पाण्यात बुडवत, म्हणजे आतला थर तडकून सुटत असे. घरी हा उद्योग करण्यापेक्षा बर्नर बदलणे स्वस्त पडते.

नवा बर्नर बसवताना त्याच्या खालचा शिशाचा वायसरही नवा घालावा, कारण जुना एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. मग न पेटवताच टाकीत हवा भरावी आणि बर्नरची मान, झाकण, स्क्रू व टाकीचे सांधे यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. बुडबुडे दिसतील तेथे गळती आहे. सांधा आवळून किंवा वायसर बदलून गळती थांबली तर उत्तम. टाकीच्या पत्र्यालाच चीर असेल तर मात्र डाग देण्याची, म्हणजे ती कथलाने सांधण्याची, घाई करू नये: रिकामी दिसणारी टाकी रॉकेलच्या वाफेने भरलेली असते, आणि तिला डाग देण्याचे तापते हत्यार लावले तर ती फुटते. साबणाच्या गरम पाण्याने ती अनेकदा धुवून, पाण्याने भरून व चिरेपुरतीच मोकळी ठेवून, जाणत्या कारागिराकडून डाग घ्यावा.

स्टोव्ह बराच काळ वापरायचा नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करावी, कारण साठलेले रॉकेल जुने होऊन चिकट राळ धरते आणि तीच पुढे निपलपर्यंत पोहोचते. हवेचा स्क्रू सैल ठेवावा, पंपाच्या वायसरला तेलाचे दोन थेंब द्यावेत आणि जास्तीच्या पिना, एक निपल व एक शिशाचा वायसर कागदात गुंडाळून स्टोव्हच्या पायालाच बांधून ठेवावेत.