नाट्यगृहाशेजारच्या दुकानदारांशी भागीदारी कशी जुळवावी

दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहातला रात्री साडेआठचा प्रयोग सुटतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. काहीशे माणसे एकदम रस्त्यावर येतात, नाटकाविषयी बोलत घुटमळतात आणि थोड्याच वेळात पांगतात, कारण आजूबाजूची बहुतेक शटर खाली आलेली असतात आणि निवांत टेकायला जागा नसते. हेच प्रेक्षक सव्वाआठला आले तेव्हा दुकानदार दिवसाचा गल्ला मोजायला बसले होते. नाटक आणि बाजार एकाच रस्त्यावर नांदतात, पण त्यांच्या वेळा एकमेकांना चुकतात. नाट्यसंस्था आणि स्थानिक व्यावसायिक यांनी एकत्र येऊन परिसर जागता करायचा असेल, तर कामाची सुरुवात या चुकणाऱ्या वेळेपासून करावी, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

म्हणून पहिले दोन आठवडे कोणाकडेही काही मागू नका. फक्त घड्याळ आणि वही घेऊन नाट्यगृहाभोवती पाच मिनिटांच्या अंतरावर फिरा. रविवारी सकाळचा प्रयोग, दुपारी चारचा आणि रात्रीचा, अशा तिन्ही वेळा पाहा. प्रयोगाआधी तासभर प्रेक्षक कुठे थांबतात, ज्येष्ठ नागरिक कोणत्या पायरीवर बसतात, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत किती जण मागे राहतात, सुटल्यावर कोणता कोपरा अंधारात असतो, हे सगळे नोंदवा. दुपारचा प्रयोग साधारण साडेसहा-सातला सुटतो आणि तेव्हा बाजार पूर्ण उघडा असतो. पहिली भागीदारी या प्रयोगासाठी करावी; रात्रीचे नंतर बघता येते.

दुकानदाराकडे जाताना हातात पावतीपुस्तक नको. ही चूक आम्ही स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी आम्ही स्मरणिकेतील जाहिरातीचे दरपत्रक घेऊन एका कापड दुकानात गेलो. मालकांनी कागद न वाचताच ड्रॉवर उघडला, पाचशेची नोट काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "पावती राहू द्या." त्यांनी पैसे दिले ते गणपतीच्या वर्गणीसारखे, आणि विषय तिथेच संपला. नाटक कोणते, कधी, किती माणसे येणार, यातले काही त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. पुढच्या वेळी आम्ही रिकाम्या हाताने गेलो आणि एवढेच विचारले की कोणत्या वारी, किती वाजता दुकानात गिऱ्हाईक नसते. त्यांनी मोजपट्टी बाजूला ठेवली, स्टूल पुढे सरकवले आणि अर्धा तास बोलत राहिले. मंगळवारची दुपार सुनी जाते, लग्नसराई संपली की सहा आठवडे हाल असतात, समोर दुचाकी लावल्या की दुकान दिसतच नाही, अशी सगळी माहिती त्या एका प्रश्नातून मिळाली.

त्यानंतर हिशेब मांडावा, आणि तो दुकानदाराच्या भाषेत मांडावा. समजा, सभागृह 500 आसनांचे आहे आणि 60 टक्के भरते, म्हणजे 300 प्रेक्षक. त्यांतील 60 जणांनी प्रत्येकी 100 रुपये आसपास खर्च केले, तर एका प्रयोगामागे 6,000 रुपयांची उलाढाल त्या गल्लीत होते. महिन्याला असे आठ प्रयोग धरले की 48,000 रुपये होतात. आकडा फुगवू नका. नाटकवाल्यांनी कलेचे मोठेपण सांगायचे आणि दुकानदाराने मान डोलवायची, यापेक्षा हा छोटा आकडा दोघांनाही जास्त उपयोगी पडतो.

सुरुवातीला पाच-सहा दुकाने पुरेत, पण ती वेगवेगळ्या प्रकारची असावीत: एक उपाहारगृह, एक पुस्तकांचे दुकान, एखादे साडीचे किंवा तयार कपड्यांचे, एक मिठाईवाला. दादरमध्ये फुलबाजार हाकेवर आहे. रविवारच्या दुपारी नाटकाला येणाऱ्या बायकांना दाराशीच ताजा गजरा मिळाला, तर त्या संध्याकाळला वेगळेच रूप येते. गजरेवाल्या मावशी आणि पदपथावरचे परवानाधारक फेरीवाले यांना या योजनेतून वगळू नका. रस्त्यावर उशिरापर्यंत माणूस आणि दिवा असतो तो त्यांच्यामुळेच, आणि प्रयोग सुटल्यावर एकट्याने स्टेशन गाठणाऱ्या स्त्रीला त्याचाच आधार वाटतो.

देवाणघेवाण अगदी साधी ठेवावी. पूर्वी तिकिटाचा फाडलेला तुकडा दाखवून सवलत देता येत असे. आता बरीच तिकिटे मोबाइलवर असतात, त्यामुळे मध्यंतरात दारावर रंगीत चिठ्ठी वाटणे सोयीचे पडते. प्रत्येक प्रयोगाचा रंग वेगळा, मागे संस्थेचा शिक्का आणि "आजच्या दिवसापुरती" ही ओळ. दुकानदाराने चिठ्ठी घेऊन ठरलेली सवलत द्यायची आणि ती काउंटरजवळच्या तारेत ओवून ठेवायची. आठवड्याने तारेवरच्या चिठ्ठ्या मोजल्या की कोणत्या प्रयोगाने किती माणसे पाठवली ते समोर दिसते. उलट दिशेने दुकानदाराने नाटकाची पत्रके ठेवावीत, पिशवीत एक टाकावे, आणि जमल्यास तिकीटविक्रीही करावी. त्यावर ठरलेले कमिशन आठवड्याच्या आठवड्याला चुकते करा. उधारी राहिली की संबंध बिघडतात. हे सारे एका पानावर लिहून, तीन महिन्यांची मुदत घालून, दोघांच्या सह्या घ्याव्यात.

त्या पानावर एक ओळ आवर्जून हवी: संहिता, पात्रनिवड आणि सादरीकरण यांत व्यावसायिक भागीदाराचा शब्द चालणार नाही. नेपथ्यातले कपाट किंवा नटीची साडी दुकानाकडून आली, तर जाहिरातीत "सौजन्य" म्हणून नाव जरूर द्यावे. पण संवादात दुकानाचे नाव घुसवले की प्रेक्षक तत्काळ ओळखतो आणि नाटकावरचा त्याचा विश्वास उडतो.

दुकानाच्या ओट्यावर, पुस्तकांच्या दालनात किंवा चाळीच्या अंगणात छोटा प्रयोग करायचा झाला, तर मुंबईला हे नवीन नाही. 1893 साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे गणेशोत्सवाच्या मांडवांनी कितीतरी नट घडवले. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेतल्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटके केली, तीही झगमगाटाशिवाय. मात्र परवानग्यांचे काम महिनाभर आधी हाती घ्या. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाचे) प्रमाणपत्र, स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी आणि सार्वजनिक जागा वापरायची असल्यास महापालिकेच्या विभाग कार्यालयाची मंजुरी लागते. दादर पश्चिम जी-उत्तर विभागात येते आणि पूर्व एफ-उत्तरमध्ये, त्यामुळे आपली गल्ली रुळांच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच अर्ज करा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, आणि पदपथ अडवून प्रयोग करू नयेच.

पैशांविषयी दोन गोष्टी. माणशी 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, म्हणून दुकानाच्या खाद्यपदार्थांसह एकत्रित तिकीट काढताना जेवणाचा भाग वेगळा दाखवणे बरे. सनदी लेखापालाला आधी विचारा. मोठी कंपनी सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीतून मदत देऊ म्हणाली, तर कला आणि संस्कृती हा विषय कायद्याने ठरवलेल्या त्या कामांच्या यादीत बसतो, पण जाहिरातीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही.

सुरुवातीचा मुहूर्त नीट निवडा. गणेशोत्सवात आणि दिवाळीत दादर-लालबागच्या दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा तुम्ही गेलात तर तो हात जोडून वाट दाखवील. पितृपक्षात मात्र खरेदी थंडावते आणि दुकानदार दारात उभा असतो. बोलणी त्या पंधरवड्यात करावीत, आणि चिठ्ठ्या दिवाळीनंतर सुरू कराव्यात.

रात्रीच्या प्रयोगाकडे शेवटी वळा. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यामुळे दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवण्यास आडकाठी उरलेली नाही. अडचण असते ती कामगारांची आणि त्यांच्या शेवटच्या लोकलची. म्हणून सगळ्यांनी उघडे राहावे असा आग्रह धरू नका. महिन्यातला एक शनिवार ठरवा, दोनच दुकाने तयार करा, आणि प्रयोग नक्की किती वाजता सुटणार हे मध्यंतर होताच त्यांना फोन करून कळवा. वीस मिनिटे उशीर होणार असेल तर तेही सांगा, म्हणजे चहाचे पातेले वेळेवर गॅसवर चढेल.