वेगात वाचताना शेवटचं 'नाही' सुटू नये म्हणून

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटला, म्हणजे आकलन आणि तर्क तपासणाऱ्या दुसऱ्या पेपरला, दोन तासांत ८० प्रश्न असतात, त्यातले बरेचसे उताऱ्यांवरचे. वेळ पुरेना म्हणून मी पुण्यात वेगवाचनाचा वर्ग लावला. मनातल्या मनात शब्द उच्चारायचे नाहीत, मागे वळायचं नाही, ओळीखालून पेन सरकवत राहायचं, असं तिथे शिकवत. महिनाभरात माझा वेग मिनिटाला १८० शब्दांवरून ४०० वर गेला. पण सराव चाचणीत एका उताऱ्याचे पाचपैकी तीन प्रश्न चुकले आणि तिन्ही वेळा वाक्याच्या टोकाचं 'नाही' निसटलं होतं.

आता अभ्यासिकेतल्या मुलांना मी वेगळ्या पद्धतीने शिकवते.

आधी आपला वेग मोजा. अनोळखी विषयाचं प्रकरण उघडा, मोबाइलवर पाच मिनिटं लावा आणि नेहमीसारखं वाचा. वाचलेल्या ओळी गुणिले ओळीतले सरासरी शब्द, भागिले पाच. मग पुस्तक मिटून आठवेल ते पाच वाक्यांत लिहा. ती लिहिता आली नाहीत तर तो आकडा वहीत मांडू नका.

डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो. एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो आणि अक्षरं त्या थांब्यातच वाचली जातात. चांगले वाचकही मधूनमधून मागे जातात. वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. वेग फार वाढवला की समज कमी होते, आणि मागे वळणं व मनातला उच्चार दोन्ही समजायला मदत करतात, असं त्यात मांडलं आहे. वर्गात मला नेमकं तेच सोडायला लावलं होतं.

त्यात मराठीचं क्रियापद शेवटी. 'समितीने सुचवलेले बदल तातडीने लागू करणे शासनाने आवश्यक मानले नाही.' शेवटचा शब्द सुटला की अर्थ उलटा. म्हणून पेन जरूर सरकवा, पण पूर्णविरामाशी क्षणभर थांबवा. 'मात्र', 'तथापि', 'वगळता', 'खेरीज' दिसले की गोल करा. उताऱ्याआधी प्रश्न वाचा, पर्याय नंतर. गोंधळ वाटला तर बेलाशक मागे जा.

खरा वेग ओळखीतून येतो. लातूरचा एक मुलगा सोयाबीनवरचा उतारा झरझर संपवायचा आणि रेपो दरावर अडकायचा. त्याला मी वेगाचा सराव बंद करायला लावला. रोज एक आर्थिक बातमी वाचून तीन नवे शब्द वहीत लिही, म्हटलं. दोन महिन्यांनी तो तिथेही अडकेनासा झाला.

गोष्टी-कादंबऱ्यांना हे काही लावू नका. त्या ४०० च्या दिवसांत मी मालवणी संवादांची एक कथा वीस मिनिटांत संपवली. कोण कुणाला काय म्हणालं ते कळलं, पण एकाही माणसाचा आवाज कानात उमटला नाही. मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी तीच कथा आईला मोठ्याने वाचून दाखवली. दीड तास लागला. आई दोनदा हसली, एकदा म्हणाली, "थांब, ते परत वाच."

तेव्हा गोष्ट वाचताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि संवादांपाशी ओठ हलले तर हलू द्या.