लहान मुलाला घेऊन उन्हाळ्यात गोव्याला येताना किनारा कसा निवडावा

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या फोंड्याच्या घरी पुण्या-कोल्हापूरच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: गोव्यातला सर्वांत चांगला बीच कोणता? विचारणाऱ्याच्या कडेवर दोन-तीन वर्षांचे मूल असेल, तर मी एकदम नाव सांगत नाही. मोठ्यांना जो किनारा आवडतो तो बहुधा खाणेपिणे, गर्दी किंवा सूर्यास्त यांच्यामुळे आवडतो. मुलाला मात्र पायाखालची वाळू, घोट्यापर्यंतचे पाणी आणि दुपारी झोपायला गार खोली एवढेच हवे असते. म्हणून आधी किनाऱ्याचा उतार, मग प्रवासाची तारीख, त्यानंतर खोलीपासून वाळूपर्यंतचे अंतर आणि सर्वांत शेवटी किनाऱ्याचे नाव, या क्रमाने विचार करावा असे माझे मत आहे.

उतार ओळखणे कठीण नाही. लाट दूरवर फुटून तिच्या दोन-तीन रांगा फेसाळत, दमत काठापर्यंत येत असतील, तर तळ उथळ आणि सपाट आहे. लाट अगदी काठावर येऊन धप्पकन आपटत असेल आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेत असेल, तर तळ एकदम खोल जातो. असा किनारा फोटोत कितीही देखणा दिसला तरी मुलासाठी नाही. खात्री करण्यासाठी घरातल्या एका मोठ्या माणसाने आधी एकट्याने दहा पावले आत जावे. पाणी गुडघ्याच्या वर चढले, तर तिथे मुलाने कोरड्या वाळूतच खेळावे. नदीचे मुख जवळ असलेली जागाही टाळावी. केरीला तेरेखोल, मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा आणि मोबोरला साळ नदी समुद्राला मिळते. अशा ठिकाणी वरून पाणी शांत वाटले तरी भरती-ओहोटीच्या वेळी आतून चांगलाच ओढा असतो.

या कसोट्या लावल्या की दक्षिण गोवा आपोआप पुढे येतो. काणकोणातील पाळोळे हा चंद्रकोरीसारखा, दोन्ही बाजूंनी टेकड्यांनी आडोसा दिलेला किनारा असून त्याचा उतार इतका मंद आहे की लाटांचा जोर काठाशी येईपर्यंत बराच ओसरलेला असतो. पहिल्यांदाच समुद्र पाहणाऱ्या मुलासाठी मी बहुधा हेच नाव सुचवतो. सुट्टीच्या दिवसांत तिथे गर्दी असते, हा त्याचा दोष मान्य करूनही. पाळोळ्याहून थोडेच उत्तरेला असलेले आगोंद अधिक शांत आणि, खरे सांगायचे तर, अधिक सुंदर आहे. पण तिथला उतार तीव्र असल्यामुळे मुलांच्या बाबतीत ते यादीतून खाली जाते. वेळसांवपासून मोबोरपर्यंत वाळूचा जो अखंड पट्टा आहे, त्यात माजोर्डा, बेतालभाटी, बाणावली आणि वार्का ही गावे कुटुंबासाठी सोयीची आहेत. कोलव्याला बसपासून जेवणापर्यंत सगळे हाताशी मिळते, पण मुख्य चौकासमोरची गर्दी टाळून पाचएकशे पावले बाजूला सरकावे.

उत्तरेत बागा आणि कळंगुट मी लहान मुलांसाठी सुचवत नाही. जेट स्की, पॅराशूटच्या बोटी, रात्री उशिरापर्यंत चालणारे संगीत आणि मे महिन्यातील वाहनांची रांग यांत मूल आणि आईवडील दोघेही चिडचिडे होतात. उत्तरेकडेच राहायचे असेल तर आश्वे आणि मांद्रे पाहावे. मांद्र्याला किनाऱ्याला समांतर वाहणारी एक खाडी आहे आणि ओहोटीत तिचे पाणी काही ठिकाणी इतके उथळ असते की मुलांना ती समुद्रापेक्षा जास्त आवडते. तिथेही भरती चढली की पाण्याची खोली बदलते, हे मात्र विसरू नये. पणजीत मुक्काम असल्यास करंझाळ्याचा किनारा संध्याकाळच्या तासाभरासाठी छान आहे. शेजारचे मिरामार मांडवीच्या मुखाशी असल्यामुळे वाळूत खेळण्यापुरते, पाण्यात उतरण्यासाठी नव्हे.

आता तारखेकडे वळू. गोव्यात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण समुद्र त्याच्या आधीच बदलतो. मेच्या उत्तरार्धात लाटा उंच होऊ लागतात, पाणी गढूळ दिसते आणि किनाऱ्यावर लाल बावटे वारंवार लागतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर समुद्रात उतरण्यास मज्जावच असतो. त्यामुळे परीक्षा संपल्यापासून साधारण 15 मेपर्यंतचा काळ धरावा आणि त्या काळातला आठवडा निवडताना घरातले पंचांग उघडावे. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत अशी की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि रात्री सव्वाअकराच्या आसपास, तर ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ मोबाइलवर पडताळून घ्यावी; पण सुट्टीचा आठवडा ठरवायला तो पुरतो.

याचा उपयोग मुलाच्या वयाप्रमाणे करावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. ती भर दुपारी, म्हणजे मूल खोलीत झोपलेले असताना येऊन जाते आणि संध्याकाळी साडेपाचला ओल्या, घट्ट वाळूचे मोठे मैदान उघडे पडते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला याहून अधिक काही लागत नाही. याच ओल्या वाळूवर बारीक खेकडे वाळू चाळून मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या करून टाकतात आणि बिळाभोवती त्यांची ठिपक्यांची रांगोळी तयार होते. माझ्या बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा बाणावलीला पाऊण तास त्या रांगोळीजवळ उकिडवा बसून राहिला होता आणि त्याच्यासाठी आणलेली बादली व फावडे पिशवीतून बाहेरसुद्धा निघाले नाही. ज्यांचे मूल पाच-सहा वर्षांचे आहे आणि ज्याला पाण्यातच जायचे आहे, त्यांनी मात्र अष्टमीच्या आसपासचे दिवस घ्यावेत, कारण तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी असतो आणि ओढाही त्यामानाने सौम्य राहतो.

दिवसाची आखणी गोव्याच्या उन्हापुढे मान तुकवूनच करावी लागते. मे महिन्यात पारा 33-34 अंशांच्या घरात असतो. आकडा विदर्भातल्या माणसाला हसू आणेल असा, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि मूल लवकर मलूल होते. सकाळी सूर्योदयापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच वेळ किनाऱ्यासाठी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसत असेल तर मुलाने उन्हात नसावे. पूर्ण बाह्यांचा पातळ सुती सदरा आणि काठाची टोपी यांचा उपयोग कोणत्याही मलमापेक्षा जास्त होतो; सनस्क्रीन लावायचे तर एसपीएफ 30 किंवा अधिक, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटे आणि मग दर दोन तासांनी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र थेट उन्हात नेऊच नये.

खोली ठरवताना जाहिरातीतल्या शब्दांवर विसंबू नये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः पाहुण्यांसाठी ‘किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर’ असलेली खोली घेतली होती. ती पाच मिनिटे स्कूटरची निघाली आणि पायी जाताना शेतातली वाट व मुख्य रस्ता, दोन्ही ओलांडावे लागत होते. भर उन्हात मूल खांद्यावर घेऊन तीन दिवस ती ये-जा केल्यानंतर मी फोनवर नेमके प्रश्न विचारायला शिकलो. खोलीपासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटे लागतात आणि मध्ये वाहनांचा रस्ता आहे का? वीज गेल्यावर पंखा चालतो का? मेमधल्या वळवाच्या सरीत वीज जाते, तेव्हा हा प्रश्न गौण वाटत नाही. खोलीत फ्रिज आणि पाणी गरम करण्याची किटली आहे का, गॅलरीच्या कठड्याच्या गजांमधून मुलाचे डोके जाईल एवढे अंतर आहे का, पोहण्याच्या तलावाला कुंपण आणि फाटक आहे का, शेजारी रात्री कर्णे लावणारे हॉटेल आहे का, हेही विचारावे. समुद्राला लागून असलेल्या बांबूच्या झोपड्या मुलांना फार आवडतात, पण दुपारी त्या तापतात. शिवाय पावसाआधी त्या उतरवायच्या असल्यामुळे मेअखेरीस ठोकाठोक सुरू झालेली असते.

प्रवासाचे गणित किनाऱ्याच्या निवडीशी जोडलेले आहे. मोपा विमानतळ उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात आहे आणि तिथून पाळोळे शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. स्वस्त तिकीट मोप्याचे घेतले आणि खोली काणकोणात घेतली, तर विमानात शांत राहिलेले मूल टॅक्सीत मात्र तुमची परीक्षा घेते. दक्षिणेसाठी दाबोळी विमानतळ किंवा रेल्वे बरी. कोकण रेल्वेने मडगावला उतरल्यास कोलवा, बाणावली जवळ आहेत आणि काणकोण स्थानकावर थांबणारी गाडी मिळाली तर पाळोळे अगदी हाकेच्या अंतरावर येते. उत्तरेसाठी पेडणे किंवा थिवी. भाड्याने गाडी घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी, कारण स्वतः चालवण्यासाठी अधिकृतपणे भाड्याने दिलेल्या गाडीची ती खूण आहे. भाड्याच्या स्कूटरवर तिघे बसून हिंडण्याचा मोह टाळावा. 2022 च्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा आवश्यक आहे आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नेता येत नाही.

पाण्याजवळचा नियम एकच, पण तो कडक: मूल हाताच्या अंतरावर आणि त्या हाताच्या मालकाचे लक्ष मोबाइलवर नाही. दोघे पालक असतील तर ‘आता तू बघ’ असे तोंडाने सांगूनच जबाबदारी बदलावी, कारण दोघांनाही दुसरा बघतो आहे असे वाटते तेव्हाच मूल निसटते. 2008 पासून गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या खासगी कंपनीचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी, नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात जायचे नाही. मे महिन्यात उजेड सातपर्यंत असतो, परंतु जीवरक्षकांचे मनोरे संध्याकाळी सहाला रिकामे होतात, तेव्हा सहा वाजता पाण्यातून बाहेर आणि उरलेला वेळ वाळूत, असा दंडक ठेवावा. हवा भरलेली चक्रे आणि बदके समुद्रात वापरूच नयेत. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि बदकाला मुलासकट आत ढकलतात.

खाण्याची चिंता गोव्यात फारशी करावी लागत नाही. पोट नाजूक असलेल्या मुलाला उकड्या तांदळाची पेज मिळेल का, हे खोलीच्या मालकिणीला आदल्या दिवशी विचारावे. बहुतेक ठिकाणी ती आनंदाने करून देतात, कारण घरात ती असतेच. डोळ्यांसमोर फोडलेले शहाळे, ताजी पोळी, केळी आणि मेमध्ये मानकुराद आंबा. बर्फ घातलेली पेये आणि उघड्यावर कापून ठेवलेले कलिंगड वर्ज्य. ओआरएसची पाकिटे घरूनच आणावीत.

सोबतच्या पिशवीत खोबरेल तेलाची छोटी बाटली जरूर असू द्यावी. मेच्या सुमारास समुद्रातून डांबराचे काळे गोळे किनाऱ्यावर येतात, मुलाच्या तळव्याला चिकटतात आणि साबणाने जात नाहीत. तेल चोळून जुन्या फडक्याने पुसले की निघतात. फुटक्या काचांमुळे कोरड्या वाळूत चप्पल घालायचीच. जेलीफिश लागली तर चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढावेत आणि थेट जीवरक्षकाकडे जावे. कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. रुग्णवाहिकेचा क्रमांक 108 आहे. मोठी सरकारी रुग्णालये बांबोळी, मडगाव आणि म्हापसा येथे आहेत आणि पाळोळ्याहून मडगावला घाटरस्त्याने तासभर लागतो, म्हणून वारंवार आजारी पडणारे मूल असेल तर पाळोळ्याऐवजी बाणावलीच निवडावी.